गॅमा-एच२एएक्सचे ठिपके २४ तासांनंतरही उरतात: पेशींची दुरुस्ती कमी की आपली मोजणी?

पेशीकेंद्रक (प्रश्न)

मानवी त्वचेतून थेट घेतलेल्या (प्राथमिक) फायब्रोब्लास्ट, म्हणजे संयोजी ऊतीच्या पेशींवर गॅमा किरण सोडून डीएनएच्या दुहेरी तुटींची (दोन्ही धागे तुटण्याची) दुरुस्ती किती वेगाने होते, हे पाहतो आहोत. तूट झाली की तिच्याभोवतीच्या एच२एएक्स या हिस्टोन प्रथिनावर फॉस्फेट लागतो. हेच गॅमा-एच२एएक्स, आणि अँटिबॉडीने रंगवले की ते सूक्ष्मदर्शकाखाली ठिपक्यासारखे दिसते. पॅसेज ९ (म्हणजे पेशी नव्या डिशमध्ये नऊदा हलवल्या आहेत). पेशी काचेच्या कव्हरस्लिपवर वाढवल्या आहेत आणि किरणन करताना डिश साधारण ६०–७० टक्के भरलेली असते. यंत्र कोबाल्ट-६० चे, नमुना ड्रॉवरमधून खाली स्रोतापाशी जातो. यंत्रावर लावलेल्या तक्त्याप्रमाणे १ ग्रेसाठी (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक) २४ सेकंद आणि २ ग्रेसाठी ४८ सेकंद. तक्ता ३ वर्षांपूर्वीचा आहे. शून्य मात्रेच्या डिशचा ड्रॉवर खाली नेऊन लगेच वर घेतला. मग सगळ्या डिश ३७ अंशांवर ठेवून ३० मिनिटांनी आणि २४ तासांनी ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये फिक्स (आहेत त्या अवस्थेत स्थिर) केल्या. शून्य मात्रेची डिश फक्त ३० मिनिटांची आहे. गॅमा-एच२एएक्स ओळखणारी अँटिबॉडी जेबीडब्ल्यू३०१, ४०एक्स ड्राय लेन्स, एकच प्रतल, प्रत्येक गटात ३० पेशी.

दर पेशीमागे ठिपक्यांची सरासरी:
शून्य मात्रा, ३० मिनिटे: ३.८
१ ग्रे, ३० मिनिटे: १९
२ ग्रे, ३० मिनिटे: ३०
१ ग्रे, २४ तास: ६.५
२ ग्रे, २४ तास: ८

१ ग्रेला ३५च्या आसपास तुटी होतात असे सगळीकडे वाचतो, मग १९च का? २ ग्रेला दुप्पट का नाहीत? आणि २४ तासांनंतर एवढे ठिपके उरले, म्हणजे या दात्याच्या पेशींची दुरुस्ती मंद आहे असे म्हणता येईल का?

---

कोबाल्ट_साठ

दात्याबद्दल काही म्हणण्याआधी मात्रेकडे बघा. तुम्ही १ ग्रे दिलेलाच नाही.

कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे. मात्रादर महिन्याला साधारण १.१ टक्का आणि वर्षाला १२ टक्क्यांहून थोडा जास्त घटतो. तीन वर्षांत तो मूळच्या ०.६७ पट उरतो. म्हणजे २४ सेकंदांत ०.६७ ग्रे आणि ४८ सेकंदांत १.३५ ग्रे. तुमचेच आकडे यावर तपासा. शून्य मात्रेचे ३.८ वजा केले की १५.२ आणि २६.२ उरतात. त्यांना खऱ्या मात्रेने भागले की दर ग्रेला २२.६ आणि १९.४ ठिपके येतात. ३० मिनिटांच्या फायब्रोब्लास्टसाठी हे अगदी नेहमीचे आकडे आहेत. ३५ हा झालेल्या तुटींचा अंदाज आहे, अर्ध्या तासाने सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या ठिपक्यांचा नव्हे. तोवर काही तुटी सांधल्या गेलेल्या असतात, काहींचा ठिपका अजून पुरता वाढलेला नसतो आणि जवळजवळच्या दोन तुटी एकच दिसतात.

दुसरी गोष्ट शून्य मात्रेची. ड्रॉवर खाली नेऊन लगेच वर घेतला, तरी जाता-येता पेशींना मात्रा मिळते. तुमच्या ३.८ मध्ये तिचा वाटा असणारच. ही वाटेतली मात्रा ०.१ ग्रे जरी धरली, तरी तिचेच दोनेक ठिपके होतात. ३० मिनिटांच्या गटांना हे फारसे बाधत नाही, कारण सगळ्याच डिश त्याच वाटेने गेल्या आणि वजाबाकीत ती मात्रा निघून जाते. २४ तासांच्या गटातून मात्र हे ३.८ वजा करू नका. त्या वेळेची पार्श्वभूमी वेगळी असते आणि ती तुम्ही मोजलेली नाही.

पुढच्या वेळी शून्याचे दोन गट ठेवा. एक डिश यंत्राच्या खोलीपर्यंत न्यायची, बाहेरच ठेवायची आणि बाकीच्यांबरोबर परत आणायची. दुसरी शून्य सेकंदांवर खाली-वर करायची. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेतली मात्रा. दोन्ही गट प्रत्येक वेळेला हवेत, २४ तासांनाही.

ती मात्रा भौतिक मापाने काढायची असेल तर रेडिओक्रोमिक (किरणांनी रंग बदलणाऱ्या) फिल्मचे तुकडे डिशच्याच जागी, तेवढ्याच माध्यमाखाली ठेवा आणि ०, २०, ४०, ८० सेकंद द्या. फिल्म २४ तासांनी वाचा, कारण रंग हळूहळू गडद होत राहतो. वेळ आडव्या अक्षावर आणि मात्रा उभ्या अक्षावर घेऊन सरळ रेषा बसवा. रेषा शून्य सेकंदाला जिथे छेदते ती वाटेतली मात्रा, आणि उतार हा खरा मात्रादर. फ्रिकेचे (मात्रा मोजायचे रासायनिक) द्रावण इथे नको, ते साधारण ४० ते ४०० ग्रेच्या टप्प्यात चालते.

यंत्र कोणत्या जातीचे आहे हेही बघून घ्या. ब्रिट या भारतीय सरकारी संस्थेच्या गॅमा चेंबर ५००० सारखी यंत्रे तासाला किलोग्रेमध्ये मात्रा देण्यासाठी आहेत. तासाला ५ किलोग्रे म्हणजे सेकंदाला १.४ ग्रे. तिथे १ ग्रे अचूक देणे शक्यच नाही. तुमच्या २४ सेकंदांवरून तक्त्याच्या वेळचा दर मिनिटाला २.५ ग्रे दिसतो, तो या कामाला ठीक आहे. मात्र वाटेला दोन-तीन सेकंद लागत असतील तर अर्ध्या ग्रेखालच्या मात्रा या यंत्रावर घेऊ नका.

रुग्णालयातल्या लिनॅकवर (किरणोपचाराच्या रेषीय त्वरकावर) काम हलवणार असाल तर ६ एमव्ही किरणांना पूर्ण मात्रा गाठायला सुमारे १.५ सेंटिमीटर पाण्याइतका थर लागतो, कोबाल्टला ०.५ सेंटिमीटर. डिशवर तेवढी अॅक्रिलिकची पाटी ठेवायची, पण पाटी आणि माध्यम यांच्यामध्ये हवा राहिली की पुन्हा घोळ होतो. त्यापेक्षा गॅन्ट्री (यंत्राचा फिरता भाग) फिरवून खालून किरण द्या. पेशी तळाला चिकटलेल्या असतात, त्यामुळे डिशखाली पाट्या रचणे सोपे जाते.

---

तुटसांध

मात्रेचा भाग वर नीट आला आहे. माझी हरकत पेशींच्या अवस्थेबद्दल आणि मोजण्याच्या पद्धतीबद्दल.

६०–७० टक्के भरलेली डिश म्हणजे वाढत्या पेशी: काही जी१ (डीएनए दुप्पट होण्याआधी), काही एस (दुप्पट होताना), काही जी२ (त्यानंतर). जी२ पेशीत डीएनए दुप्पट, म्हणून तेवढ्याच मात्रेला तुटीही दुप्पट. एस पेशींमध्ये तर किरण न देताही ठिपके असतात, कारण प्रतिकृतीचा काटा अडला की एटीआर हे किनेज (फॉस्फेट लावणारे विकर) एच२एएक्सवर फॉस्फेट लावते. शून्य मात्रेला ३.८ दिसण्याचे हे दुसरे कारण. पूर्ण भरलेल्या, वाढ थांबलेल्या फायब्रोब्लास्टमध्ये हा आकडा बहुधा १ च्या खाली असतो. तेव्हा दुरुस्तीचा वेग मोजायचा असेल तर डिश पूर्ण भरू द्या, त्यानंतर आणखी दोन-तीन दिवस तशीच ठेवा आणि मगच किरण द्या.

ते जमत नसेल तर किरणनाच्या आधी ३० मिनिटे १० मायक्रोमोलर ईडीयू (नव्या डीएनएत शिरणारे खुणेचे द्रव्य) द्या. एस पेशी खुणेने ओळखू येतात आणि त्या मोजणीतून वगळता येतात. जी२ ओळखायला सीईएनपी-एफ या प्रथिनाची अँटिबॉडी चांगली.

मोजणीबद्दल सांगायचे तर ४०एक्स ड्राय लेन्सवर २ ग्रेचे ठिपके एकमेकांत मिसळतात. वरच्या हिशेबात २२.६ चे १९.४ झाले, ते यामुळेच असावे. ६३एक्स किंवा १००एक्स ऑइल लेन्स घ्या, ०.३ ते ०.५ मायक्रोमीटरच्या टप्प्यांनी झेड-स्टॅक (वरपासून खालपर्यंतच्या प्रतिमा) घ्या आणि सगळे प्रतल एकत्र करून मोजा. स्लाइडवर मात्रेऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. मोजणाऱ्याला मात्रा माहीत असेल तर २४ तासांच्या स्लाइडवर धूसर ठिपके सोडून दिले जातात आणि ३० मिनिटांच्या स्लाइडवर तसेच ठिपके मोजले जातात.

आणि नुसती सरासरी देऊ नका. प्रत्येक पेशीचा आकडा द्या. सगळ्या पेशींना सारखी मात्रा मिळाली असेल आणि त्या एकाच अवस्थेत असतील तर ठिपक्यांची विभागणी प्वासाँची येते, म्हणजे व्हेरियन्स (आकडे किती विखुरले आहेत याचे माप) सरासरीच्या आसपास राहतो. २ ग्रे, २४ तासांच्या ३० पेशींचे आकडे इथे टाकता का?

---

पेशीकेंद्रक

२ ग्रे, २४ तास: २२ पेशींत ० ते ४ (त्यांची सरासरी २), ५ पेशींत १२ ते १६, आणि ३ पेशींत ४० च्या वर. त्या तिघींचे केंद्रक जवळजवळ सगळेच उजळलेले आहे, ठिपके वेगळे काढणे कठीण गेले.

---

तुटसांध

मग उत्तर या आकड्यांतच आहे. सरासरी ८, पण व्हेरियन्स दीडशेच्या आसपास निघतो. हा एक गट नाही, तीन गट एकत्र झाले आहेत.

ज्या तीन पेशींचे सगळे केंद्रक उजळले आहे त्यांत ठिपके मोजायचेच नसतात. अशी सरसकट चमक मरणपंथाला लागलेल्या, डीएनएचे तुकडे होत असलेल्या पेशींत किंवा प्रतिकृती कोलमडलेल्या एस पेशींत दिसते. डीएपीआयमध्ये (डीएनए रंगवणाऱ्या द्रव्यात) केंद्रक आक्रसलेले, गुठळ्या झालेले असेल तर मरणारी पेशी. अशा पेशींची टक्केवारी वेगळी नोंदवा. त्या काढल्या की सरासरी ४.२ होते. १२ ते १६ वाल्या पाचही पेशी बहुधा किरणनाच्या वेळी एस किंवा जी२ मध्ये होत्या, पण ईडीयू नसल्याने हे सिद्ध करता येणार नाही. उरलेल्या २२ पेशींची सरासरी २ आहे. ३० मिनिटांच्या २६ शी (३० वजा ३.८) ताडून पाहिले तर ९० टक्क्यांहून जास्त ठिपके गेले. या दात्यावर मंद दुरुस्तीचा शिक्का मारायला या आकड्यांत काहीही आधार नाही.

आता दुरुस्तीच मोजायची असेल तर ३० मिनिटे आणि २४ तास या दोन वेळा पुरत नाहीत. का, ते सांगतो.

तूट झाली की काही सेकंदांत केयू७०/८० या प्रथिनांची जोडी तिच्या टोकांवर बसते आणि डीएनए-पीकेसीएसला बोलावते. दुसरीकडे एमआरई११, आरएडी५० आणि एनबीएस१ यांचे संकुल एटीएम या किनेजला तिथे आणते. एटीएम स्वतःच्या १९८१ व्या सेरीनवर फॉस्फेट लावून जागे होते आणि तुटीच्या दोन्ही बाजूंच्या एच२एएक्सच्या १३९ व्या सेरीनवर फॉस्फेट लावत जाते. ही खूण दहा लाखांहून जास्त बेसजोड्यांपर्यंत पसरते, म्हणून एक तूट ठिपक्याच्या रूपाने डोळ्यांना दिसते. मग एमडीसी१, आरएनएफ८, आरएनएफ१६८ या प्रथिनांच्या क्रमाने ५३बीपी१ हे प्रथिन तिथे येते. ठिपका म्हणजे तुटीभोवतीच्या क्रोमॅटिनवरची (हिस्टोनवर गुंडाळलेल्या डीएनएवरची) खूण. टोके जोडली गेल्यावर फॉस्फेट काढून टाकायला फॉस्फटेजना वेळ लागतो, त्यामुळे ठिपका तुटीपेक्षा थोडा उशिरा मावळतो.

जी१ मध्ये जोडणीचे जवळजवळ सगळे काम टोकाला टोक जोडणाऱ्या यंत्रणेकडे असते: केयू, डीएनए-पीकेसीएस, एक्सआरसीसी४, एक्सएलएफ आणि लायगेज ४. अंदाजे ८०–८५ टक्के तुटी पहिल्या काही तासांत या जलद वाटेने मिटतात. उरलेल्या १५–२० टक्के मंद असतात. त्यांतल्या बऱ्याच घट्ट गुंडाळलेल्या हेटेरोक्रोमॅटिनमध्ये असतात. तिथे एटीएमने केएपी१ या प्रथिनाच्या ८२४ व्या सेरीनवर फॉस्फेट लावून गुंडाळी सैल करावी लागते आणि टोके साफ करायला आर्टेमिस हे विकर लागते.

याचा उपयोग असा की दोष कुठे आहे हे वक्राच्या आकारावरून कळते. लायगेज ४ सदोष असलेल्या १८०बीआर पेशींत जलद टप्पाच ढिला पडतो, २ तासांनाच ठिपके जास्त दिसतात. अॅटॅक्सिया-टेलँजिएक्टेशिया या आनुवंशिक रोगाच्या, म्हणजे एटीएम नसलेल्या पेशींत २ तासांचा आकडा बराचसा नेहमीसारखा येतो, पण २४ तासांनंतर ते १५–२० टक्के तसेच राहतात. तुमच्या वेळापत्रकात या दोन्ही पेशी सारख्याच दिसतील. म्हणून ३० मिनिटे, २ तास, ८ तास आणि २४ तास, किमान एवढ्या वेळा घ्या.

पडताळणीसाठी रोधके (विकर बंद पाडणारी द्रव्ये) वापरा. केयू-५५९३३ (एटीएमसाठी, १० मायक्रोमोलर) आणि एनयू७४४१ (डीएनए-पीकेसाठी, म्हणजे केयू आणि डीएनए-पीकेसीएस मिळून होणाऱ्या किनेजसाठी, १ मायक्रोमोलर), किरणनाच्या एक तास आधी, आणि फिक्स करेपर्यंत माध्यमात राहू द्यायची. एटीएम बंद केले तरी सुरुवातीचे ठिपके उमटतात, कारण डीएनए-पीके तेच काम करते. फरक उशिराच्या वेळांना दिसतो. डीएनए-पीके बंद असताना ८ तासांनाही ठिपके भरपूर उरले नाहीत, तर तुमची मोजणी दोष पकडू शकत नाही असे समजा. रोधके ज्यात विरघळवतात ते डीएमएसओ स्वतः हायड्रॉक्सिल मूलके टिपते, तेव्हा ते ०.१ टक्क्यावर ठेवा आणि रोधक नसलेल्या डिशमध्येही तेवढेच घाला.

---

लसिकापेशी

रंगवण्याबद्दल कोणी लिहिले नाही, आणि घाण पार्श्वभूमी बहुतेक वेळा तिथूनच येते.

पॅराफॉर्मल्डिहाइड ताजे हवे. १०–१५ मिनिटे, खोलीच्या तापमानाला, त्याहून जास्त नको. मग ०.२ ते ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१००, १० मिनिटे. ब्लॉकिंगला (अँटिबॉडी भलत्या जागी चिकटू नये म्हणून) ३–५ टक्के बीएसए हे प्रथिन, एक तास. दुधाची पावडर टाळा: केसीन हे स्वतः फॉस्फेट लागलेले प्रथिन आहे आणि फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटिबॉडीला ते गोंधळात टाकते. जेबीडब्ल्यू३०१ एकास ५०० ते एकास १०००, रात्रभर ४ अंशांवर. नवी बाटली उघडली की प्रमाण पुन्हा ठरवा. एक कव्हरस्लिप फक्त दुय्यम अँटिबॉडीची ठेवा. तिच्यावर ठिपके दिसले तर बाकी मोजणी थांबवा.

५३बीपी१ ची सशाची अँटिबॉडी त्याच स्लाइडवर दुसऱ्या रंगात लावा आणि दोन्ही एकत्र असतील तोच ठिपका धरा. एस पेशींतले बरेचसे खोटे ठिपके एवढ्यानेच गळतात.

वेळेचा शून्य कोणता, हेही ठरवून घ्या. यंत्रापासून इनक्युबेटरपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा असेल आणि डिश खोलीच्या तापमानाला आणली, तर त्या दहा मिनिटांत दुरुस्ती अर्धवट चालू असते. बर्फावर आणली तर जवळजवळ थांबते, पण ठिपकेही उमटत नाहीत, आणि मग शून्य वेळ म्हणजे ३७ अंशांचे माध्यम घातले तो क्षण. दोन्ही चालेल, फक्त सगळ्या डिशना एकच पद्धत लावा आणि शून्य मात्रेच्या डिशलाही तोच बर्फ मिळू द्या.

हाच प्रयोग रक्तातल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींवर करावासा वाटेल. पेशी जी० (विभाजन न होणाऱ्या अवस्थे) मध्येच असतात, त्यामुळे एस अवस्थेची कटकट नाही. केंद्रक मात्र लहान आणि गोल असते, एकाच प्रतलावर मोजाल तर निम्मे ठिपके हातचे जातात. तिथे दर ग्रेला १०–१५ ठिपके दिसले तर ते बरोबर आहे, फायब्रोब्लास्टच्या आकड्याशी तुलना करू नका.

---

पेशीकेंद्रक

दोन शंका. पुढच्या फेरीत किती पेशी मोजू? आणि लिम्फोसाइटवर ही पद्धत बसली, तर अपघातात किरण लागलेल्या माणसाची मात्रा यावरून सांगता येईल का?

---

तुटसांध

सरासरी २० असेल आणि ५० पेशी मोजल्या तर प्रमाणत्रुटी (२० भागिले ५०) याचे वर्गमूळ, म्हणजे ०.६३. एवढी पुरे. २४ तासांना सरासरी २ च्या आसपास असते आणि ५० पेशींत त्रुटी ०.२, म्हणजे सरासरीच्या दहावा हिस्सा. तिथे १०० ते २०० पेशी मोजा. पण एका डिशमधल्या २०० पेशी म्हणजे २०० प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, नव्याने वाढवलेल्या पेशींवर किमान तीनदा करा आणि आलेखावरच्या त्रुटीरेषा त्या तीन सरासरींवरून काढा. दात्यांची तुलना करताना सगळ्या दात्यांच्या पेशी एकाच दिवशी, एकाच ड्रॉवरमध्ये आणि साधारण एकाच पॅसेजला असाव्यात. वय वाढलेल्या पेशींत न मिटणारे ठिपके किरणांशिवायही साठत जातात.

आणि २४ तासांच्या आकड्याला न सांधलेल्या तुटी असे लिहू नका, शिल्लक ठिपके लिहा. एखादी तूट चुकीच्या टोकाशी जोडली गेली तरी ठिपका मावळतो. तसली चूक इथे दिसतच नाही, ती गुणसूत्रांत शोधावी लागते.

---

लसिकापेशी

अपघाताच्या मात्रेला ही पद्धत पहिल्या दिवसापुरती, आणि तीही किरण लागल्याची वेळ नक्की माहीत असेल तर. १ ग्रे लागून ८ तास झालेले रक्त आणि त्याहून कमी मात्रा लागून १ तास झालेले रक्त ठिपक्यांवरून सारखेच दिसू शकते. रक्त घेतल्याबरोबर थंड करा, नाहीतर नळीतच दुरुस्ती चालू राहते. तिचा खरा उपयोग घाईच्या वेळी बाधित आणि अबाधित लोक वेगळे काढण्यापुरता.

मात्रा सांगायची ती डायसेंट्रिक गुणसूत्रांवरून. लिम्फोसाइटना पीएचए (विभाजन सुरू करणारे द्रव्य) देऊन ४८ तास वाढवायचे, शेवटच्या काही तासांत कोल्सेमिड घालून पेशी मेटाफेजला (विभाजनात गुणसूत्रे वेगळी दिसतात त्या टप्प्याला) अडवायच्या, जिम्साने रंगवून दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्राचे आखडलेले मध्यबिंदू) असलेली गुणसूत्रे मोजायची. ५०० पेशी किंवा १०० डायसेंट्रिक, जे आधी होईल तिथे थांबायचे. किरण न लागलेल्या माणसात १००० पेशींमागे एखादेच सापडते, म्हणून ०.१ ग्रेच्या आसपासची मात्राही पकडता येते. ब्राझीलमधल्या गोइयानियाला १९८७ मध्ये सिझियम-१३७ चा स्रोत भंगारात फुटला, तेव्हा बाधितांच्या मात्रा याच मोजणीने काढल्या होत्या. संवर्धन ४८ तासांपुढे जाऊ देऊ नका. पेशी दुसऱ्या विभाजनात गेली की डायसेंट्रिक हरवतात आणि मात्रा कमी निघते. खात्रीसाठी माध्यमात बीआरडीयू (नव्या डीएनएत शिरणारे खुणेचे द्रव्य) घालून पहिल्या विभाजनातले मेटाफेज वेगळे ओळखा.